वीस महिन्यांचं पान

मी एक वही आहे. दुकानात मिळते तसली चकचकीत नाही. जुन्नरच्या तय्यबभाई बाइंडरांनी मला हाताने शिवलं. कॉलेजच्या कामातून उरलेले कोरे ताव कापले, खळ लावली, वर निळं कापड चढवलं आणि मी दोनशे पानांची झाले. ते साल दोन हजार एक. त्याच आठवड्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या इंद्रायणीबाई मला घेऊन गेल्या.

"जाड पाहिजे हो. दोन दिवस नुसतं लिहायचंय," त्या म्हणाल्या.

"लिवा किती पन. शिवण न्हाई सुटायची," तय्यबभाई म्हणाले.

शिवण आजही सुटलेली नाही. बिघडलं ते वेगळंच.

इंद्रायणीबाई पिंपरी पेंढारहून एसटीने यायच्या. नोकरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा नव्याने मागायची. पेटंट एजंटची परीक्षा पास झालं की नवं काही शोधून काढणाऱ्यांचे अर्ज आपल्याला भरता येतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्या पुण्याच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेल्या आणि मला भरून आणलं.

माझी मधली पानं आंतरराष्ट्रीय अर्जाची. एखाद्याने नवी वस्तू केली, आपल्या देशात पहिला अर्ज दिला, की त्या तारखेपासून महिने मोजायचे. बारा महिन्यांच्या आत एकच अर्ज करून अनेक देशांत जागा धरून ठेवायची. अठराव्या महिन्यानंतर तो अर्ज प्रसिद्ध होतो. मग ठरलेल्या मुदतीत प्रत्येक देशाच्या कार्यालयात वेगळं जायचं. ही शेवटची मुदत बाईंनी लाल शाईने लिहिली: 'सरळ मार्गाने, म्हणजे मधली तपासणी न मागता, वीस महिने.' खाली दोन रेघा ओढल्या. त्या दिवशी ते खरं होतं.

पुढची दोन वर्षं मी कपाटात पडून होते. परीक्षेची जाहिरात आली तेव्हा बाईंनी धूळ झटकून मला बाहेर काढलं आणि तय्यबभाईंच्या दुकानात नेलं, ते आरफासाठी.

आरफा तय्यबभाईंची मुलगी. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, बीएस्सी झालेली. सातवीत असताना तापात तिचे दोन्ही कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. कुठे मुलाखतीला गेली की लोक आधी मोठ्याने बोलायचे, मग कागदावर लिहायचे, मग 'कळवू' म्हणायचे. हे काम मात्र लिहिण्याचं होतं, ऐकण्याचं नाही. म्हणून बाईंनी तिलाही फॉर्म भरायला लावला. तेव्हा त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

रविवारी दुपारी दोघी दुकानात उजळणीला बसत. शिबिरं, व्याख्यानं आरफाच्या कामाची नव्हती. तिला काय ते माझ्यातूनच कळायचं. तिने शिवणीचा दोरा घेतला आणि महिने मोजून गाठी मारल्या. बाराव्याला एक, अठराव्याला एक, विसाव्याला जाड गाठ. बाईंनी प्रश्न विचारला की डोळे मिटून ती दोऱ्यावरून बोट फिरवायची आणि बाईंच्या आधी उत्तर द्यायची.

"मॅडम, तुमी अडखळलात!" ती हसून म्हणायची. बाईही हसायच्या. पण पान उलटताना त्यांची बोटं घट्ट व्हायची, ते मला जाणवायचं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा बाई पुण्याला एका पेटंट कार्यालयात जाऊन आल्या. तिथल्या साहेबांना एकच माणूस हवा होता. बाईंनी भाबडेपणाने आरफाचं कौतुक केलं, तर ते म्हणाले, "पास झाली तर तिलाच पाठवा की. आम्हाला मसुदे लिहिणारं माणूस हवंय." त्याच कार्यालयातल्या नव्या पुस्तकात बाईंना दिसलं, की दोन हजार दोनच्या एप्रिलपासून नियम बदललाय. बहुतेक देशांसाठी वीस महिन्यांचे तीस झालेत. त्यांनी ते आपल्या नव्या वहीत उतरवून घेतलं.

रविवारी त्या दुकानात आल्या. माझं ते पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. निब कागदापासून बोटभर वर थांबली.

"काय बदललं का, मॅडम?" आरफाने विचारलं.

बाई उठल्या. मांडणीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बदललंय. वीस नाही राहिलं, तीस झालंय."

तय्यबभाई चहा सांगायला गेले होते. दुकानात ऐकणारं कुणी नव्हतं. मी होते.

"काय म्हनलात?" आरफा त्यांच्या पाठीकडे बघत होती.

बाई वळल्या. "काही नाही. चांगली उजळणी कर."

मला तोंड असतं तरी त्या मुलीला ऐकू गेलं नसतं. मला लिहिता आलं असतं तर! पण वहीला स्वतःवर लिहिता येत नाही.

परीक्षा मुंबईला झाली. तय्यबभाई दोघींना घेऊन गेले. मी पिशवीत, बाहेर. पेपर सुटल्यावर आरफा धावतच आली.

"अब्बा, लई सोपा व्हता! एका मानसानं आंतरराष्ट्रीय अर्ज येळेत केलाय, पन पुढं तेविसाव्या महिन्यात आलाय, परदेशात पेटंट पायजे म्हनतोय, त्याला काय सल्ला द्याल? मी दोन पानं लिवली. मुदत संपली, आता काही व्हनार न्हाई. मॅडम, तुमीबी तेच लिवलं ना?"

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नाही.

लेखीच्या निकालात बाईंचं नाव होतं. आरफाला पन्नास हवे होते, सेहेचाळीस पडले. ती रडली नाही. टपालाने नियमांचं छापील पुस्तक मागवलं आणि माझं एकेक पान त्याच्याशी ताडून पाहिलं. चौथ्या दिवशी तिचं बोट त्या लाल आकड्यावर येऊन थांबलं.

बाई भेटायला आल्या तेव्हा तीच आधी बोलली. "मॅडम, चूक माजीच. मी तपासायला पायजे व्हतं. तुमचंबी ते उत्तर गेलं आसंल, ह्याच वहीमुळं. तरी तुमी पास झालात, बरं झालं."

बाई खाली बसल्या. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. आरफाला नीट कळावं म्हणून एकेक शब्द सुटा सुटा म्हणाल्या, "माझं उत्तर बरोबर होतं. मला माहीत होतं. मी तुला मुद्दाम सांगितलं नाही."

आरफा बराच वेळ त्यांच्या ओठांकडेच बघत राहिली, जणू अजून काही यायचं आहे. मग तिने सुई उचलली आणि हातातल्या पुस्तकाची राहिलेली शिवण पुरी केली.

"काय झालं गं?" मागच्या खोलीतलं कातरकाम सोडून तय्यबभाईंनी तिच्यासमोर येऊन विचारलं.

"काय न्हाई, अब्बा. मॅडम पेढे द्यायला आल्या व्हत्या."

बाईंच्या हातात पेढे नव्हते.

पुढे तोंडी परीक्षाही बाई पास झाल्या आणि पुण्याच्या त्या कार्यालयात लागल्या. त्यांनी पत्रं पाठवली, नवी पुस्तकं पाठवली. आरफाने पुस्तकं ठेवून घेतली, उत्तर एकालाही दिलं नाही. पुढची परीक्षा ती एकटीने देऊन आली. तोंडीला एका परीक्षकांनी तोंडासमोर हात धरला होता. "साहेब, हात खाली घ्या, मला ऐकू येत न्हाई," असं तिने सरळ सांगितलं. ती पास झाली. आता जुन्नरला बापाच्याच दुकानात वरच्या मजल्यावर तिचं टेबल आहे. नारायणगाव-मंचरकडची माणसं आपापल्या यंत्रांचे आराखडे घेऊन तिच्याकडे येतात.

पहिला अर्ज भरला त्या दिवशी तिने मला कागदात गुंडाळून पुण्याला धाडलं. आत चिठ्ठी नव्हती. बाईंनी पुडकं उघडलं, मला ओळखलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्या कपाटात आहे.

कार्यालयात नवी मुलं येतात. "मॅडम, जुन्या नोट्स असतील ना?" विचारतात. बाई नाही म्हणतात. पण उद्या त्या नसतील. कपाट आवरताना कुणीतरी मला बाहेर काढेल. अक्षर सुंदर आहे, शिवण घट्ट आहे, बघणाऱ्याचा चटकन विश्वास बसेल.

म्हणून आधीच विनवते. मला कुणा शिकणाऱ्याच्या हाती देऊ नका. कोपऱ्यावरच्या वाण्याला द्या. माझ्या पानांत शेंगदाणे बांधा, खडीसाखर बांधा. लोक पुडी सोडतील, खातील आणि कागद न वाचता टाकून देतील.