नांगरलेलं वावर

लखीरामच्या खात्यात सरकारची नुकसानभरपाई जमा झाली, ही बातमी वामनरावांच्या कानावर हरिपाठ चालू असतानाच पडली आणि त्यांचा टाळ चुकला. बोरी अरबच्या त्या देवळात असं आजवर कधी घडलं नव्हतं.

दोघांची वावरं शेजारीशेजारी, एकाच धुऱ्याला लागून. पावसाळा सरता सरता अतिवृष्टी झाली आणि दोघांचंही सोयाबीन उभ्याउभ्या सडलं. पण वामनरावांना वावर आणि देवघर सारखंच. तिथं घाण बघवत नाही. वाफसा येताच त्यांनी सडकं पीक नांगरून हरभरा पेरला. लखीराम आज करू, उद्या करू म्हणत खाटेवर लोळत राहिला. मग तलाठी पंचनाम्याला आला. लखीरामचं काळं पडलेलं सोयाबीन फोटोत कसं झकास उतरलं! इकडं वामनरावांच्या वावरात हरभऱ्याचे हिरवे कोंब डोलत होते. नुकसान दिसणार कुठून?

शकुबाईनं नवऱ्याला परोपरीनं समजावलं, की आपल्या घरात हरभरा येईल, त्याच्या वावरात तर काहीच नाही. पटत होतं, पण घास उतरत नव्हता. लखीरामचा नवा सदरा खुपायचा, घरावरची नवी टिनं खुपायची, हसणं तर फारच खुपायचं.

सप्ताहाच्या काल्याला तलाठी जेवायला येणार होता. वामनरावांनी मनाशी पक्कं केलं, पंगतीत त्याच्या शेजारी बसायचं आणि हळूच सांगायचं, की लखीरामचं पीक पाण्यानं नाही, तणानं गेलं. चौकशी लागेल, पैसे परत जातील. तण माजलं होतं, हे खरंच होतं. सडलं मात्र पाण्यानंच, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

त्या दिवशी काल्याच्या कीर्तनात बुवांचा गळा काय लागला होता! गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची भाकर, कोणाचं ताक, देवानं सगळं एकात कालवलं. ऐकणाऱ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. वामनरावांचे हात टाळावर होते आणि नजर तलाठ्यावर.

पंगत बसली. वरणाची बादली घेऊन लखीरामच वाढत होता. तो पुढं सरकला तसे वामनराव तलाठ्याकडं झुकले.

"साहेब, ह्या लखीरामचं सोयाबीन..."

"त्याचं नाव काढू नका," तलाठी हसला. "पंचनाम्याच्या दिवशी डोकं खाल्लं माझं. म्हणे, माझं राहू द्या, पहिले वामनभाऊचं लिहा, पाणी दोघांच्या वावरात एकच होतं. मी म्हटलं, बाबा, हिरव्या हरभऱ्याचं नुकसान लिहू कसं?"

वामनराव पत्रावळीवर भाताचं आळं करू लागले. तेवढ्यात लखीराम फिरून आला आणि त्यानं न विचारता त्यांच्या भातावर वरण ओतलं.

"वामनभाऊ, पुढच्या बारीनं नांगर काढसान तं मलेही आवाज द्याजा."

"मंग तुलेही काही भेटणार नाही," तलाठी म्हणाला, आणि अख्खी पंगत हसली.

घरी परतताना शकुबाईनं विचारलं, "काय सांगतलं साहेबाले?"

"वरणात मीठ कमी हाये म्हटलं."

लखीरामच्या घरावरची टिनं उन्हात चमकत होती. वामनराव थांबले, तिकडं बघत राहिले.

"मी त्याच्यासाठी बोललो नसतो, शकू," ते म्हणाले. "लेकाचा इतका चांगला कायले असंल?"