दमणुकीचा पाहुणचार

बाळ उठायच्या आत घटकाभर पाठ टेकावी, एवढीच सुनेची इच्छा होती. पण ऑफिसची पर्स ठेवून ती पलंगाशी वाकली, तशी तिची दमणूकच अंगातून बाहेर पडली आणि खुशाल आडवी झाली. तोंडवळा हुबेहूब तिचाच.

सासूबाई डोकावल्या. "अगंबाई, पाहुणी! चेहरा किती उतरलाय बिचारीचा. पडदे ओढ, आणि सूप टाक तिच्यासाठी."

"आई, ती माझीच दमणूक आहे."

"कुणाची का असेना! आल्यागेल्याचं बघायला नको?"

नवऱ्याने टीव्ही बंद केला. पाहुणीची झोप मोडू नये म्हणून बाळाला उचलून तो चवड्यांवर चालत बाहेर गेला. घरात इतकी शांतता सुनेने लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती.

तिने सूप केलं, भरवलं, पायही चेपले. जितकं करावं तितकी दमणूक गुटगुटीत होत गेली. शेवटी ती म्हणाली, "आणखी एक उशी दे गं."

"उशी गेली खड्ड्यात. सरक तिकडे!" म्हणत सून तिच्या शेजारी आडवी झाली आणि अर्धं पांघरूण ओढून घेतलं.

सासूबाईंनी पुन्हा डोकावून पाहिलं. "अरे, आता दोघी झाल्या! आणि आपली सून कुठाय?"

"असेल कुठेतरी कामात," नवरा कुजबुजला आणि बाळाला खांद्यावर टाकून दुसऱ्या पाहुणीसाठी सूप करायला निघाला.