लाटंबार्श्याचं लग्नगीत

माझ्या वडिलांचं एकच गाणं गाजलं, आणि तेही त्यांचं नव्हतं.

बाबा, कृष्णनाथ मास्तर, मूळचे पेडण्याचे. गोवा मुक्त झाल्यावर गावोगावी शाळा निघाल्या, तेव्हा त्यांना लाटंबार्श्याला नोकरी मिळाली. शाळेमागच्या शेतात भातातलं तण बेणताना शेवंती नावाची बाई गायची:

‘हिरवो चुडो भर गो माले, हळदीचां न्हाणां,
आबोलीचो वळेसर माळ, लांब तुजां जाणां.’

चुडा, हळद, अबोलीचा गजरा; बाबांना ते सासरी निघालेल्या मुलीचं गाणं वाटलं. बाबा अधूनमधून रेडिओवर गायचे; तिथे हे म्हणू का, असं त्यांनी विचारलं. शेवंतीनं नुसती मान डोलावली. बाबांनी चाल जलद केली, ‘माले’च्या जागी ‘बाये’ घातलं आणि दोन कडवी जोडली. वर्षभरात ते लग्नालग्नात वाजू लागलं.

सतरा वर्षांनी माझं लग्न ठरलं, तोवर आम्ही पेडण्याला परतलो होतो. शेवंतीबायनं मांडवात येऊन ते गाणं स्वतः म्हणावं, म्हणून बाबा पत्रिका घेऊन तिच्याकडे गेले.

ती म्हणाली, "तुमच्या चेडवाच्या लग्नात नको, मास्तर. तां लग्नाचां नाय."

"मग कसलं?"

"माज्या मालतीचां. लगीन पंधरा दिसांर इल्लां, काविळीन गेली. लग्नाआधी गेलेल्या चेडवाक नवरी करून मसणात न्हेतत. मी तिका नटवलंय, तेवा ह्यां गाणां तोंडात इलां."

"त्याच वेळी का सांगितलं नाहीस?"

"तुमी खंय इचारल्यात?"

घरी येऊन बाबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. फक्त आमच्या बँडवाल्यांना ते गाणं वाजवू नका म्हणून बजावलं. पण माझी पाठवणी होताना वऱ्हाडातल्या बायकांनीच ते धरलं, टाळ्या वाजवत. बाबांनी माझा हात धरला होता, तो सोडला आणि ते मांडवामागे निघून गेले. मी गाडीत बसले तरी परत आले नाहीत. मला फार राग आला होता.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मग आम्ही दोघं लाटंबार्श्याला गेलो. शेवंतीबाय अंगणात काजूबिया वाळत घालत होती.

"बंद करायला सांगू सगळ्यांना?" बाबांनी विचारलं.

"तुमचां कोण आयकतला आता?" ती म्हणाली. मग बिया चाळवत म्हणाली, "रेडिओ लागलो की मी भायर जातंय. आख्खां कधी आयकाकच नाय. म्हणा बगूया."

बाबांनी म्हटलं. हळू, तिच्या चालीत, ‘माले’ म्हणून. ‘वळेसर’ शब्दाशी ते थांबले. उरलेली ओळ तिनं पुरी केली, आणि खाली बघून बिया पसरत राहिली.

त्यानंतर बाबांनी ते कुठेच गायलं नाही. कार्यक्रमात लोक चिठ्ठ्या पाठवायचे, ते दुसरं काहीतरी म्हणायचे. मास्तर म्हातारपणी चक्रम झाले, असं पेडण्यात बोललं जायचं. रेडिओला त्यांनी दोन पत्रं लिहिली. गाण्यावर शेवंतीचं नाव लागावं, एवढंच मागितलं होतं. उत्तर आलं नाही. तिसरं लिहायच्या आधी शेवंतीबाय गेल्याचं कळलं.