भिंतीपलीकडचं "पुरे"

भिंत एकच. अल्याड त्याची कामाची खोली, पल्याड तिचं स्वयंपाकघर. अल्याड लाकडाचा भुसा, पल्याड भांड्यांचा आवाज.

तो गिटारी करायचा. हाताने, एका वेळी एक. गिटारीच्या तोंडाची, तारांखालची फळी रंध्याने पातळ करत न्यायची, मधेच ती दोन बोटांत अधांतरी धरायची आणि अंगठ्याने ठोका द्यायचा. टुम्म. पुन्हा रंधा, पुन्हा ठोका. असं करता करता एखाद्या ठोक्याला भिंतीपलीकडून बायकोचा आवाज यायचा, "पुरे!"

की त्याचा रंधा खाली. फळी जाड राहिली तर मुकी, फार पातळ झाली तर फुटकं मडकं. मधली जागा केसाएवढी, आणि ती बायकोच्याच कानाला सापडते, असं तो येईल त्याला सांगायचा. "हात माझा, कान हिचा."

"आणि नाव यांचं," बायको आतून म्हणायची.

काम करता करता ती गाणी जुळवायची. त्यातलं एक त्याला अजून येत होतं:

अल्याड तो ठोका देई, पल्याड मी ऐकते
मधल्या गं भिंतीपाशी जीव माझा टेकते

बायको गेली आणि भिंत नुसती भिंत झाली. त्याने नवी गिटार करायला घेतलीच नाही. मोडलेल्या खुंट्या बसवायच्या, उकललेले सांधे सरसाने चिकटवायचे, एवढंच. दुपारी एक ताट मांडायचं, एक ताट धुवायचं. रेडिओसुद्धा लावत नसे. घरात परकं माणूस बोलतंय असं वाटायचं.

अशात लेकीचा फोन आला. लेक वादक. गावोगावच्या सभागृहांत वाजवायची, आणि गेली काही वर्षं दुसऱ्याच कारागिराची गिटार घेऊन फिरायची. त्यावरून बापलेकीत बोलणं कमी झालं होतं.

"बाबा, मला तुमच्या हातची हवी आहे."

"का? तुझ्या त्या नव्या गिटारीला काय झालं?"

"ती मागच्या रांगेपर्यंत जाते. पण घरी येत नाही."

"माझी घरी येते, पण मागच्या रांगेपर्यंत जात नाही. तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. म्हणून तर दोन्ही एकत्र करा म्हणते आहे. अंग आपलं जुनंच, शिसवी. सांधे तुमच्या पद्धतीचे. फक्त फळीच्या पोटाला पंख्यासारख्या पट्ट्यांऐवजी जाळी लावा. बारीक जाळी, वर कार्बनचा धागा. म्हणजे फळी अजून पातळ करता येते. आणि कुशीला एक छिद्र ठेवा, माझ्या कानाच्या बाजूला."

"छिद्र? अगं गिटार करू की चाळण?"

"मोठ्या सभागृहात सगळा आवाज समोर जातो, बाबा. हजार माणसांना ऐकू येतं, आणि मीच तेवढी बहिरी बसलेली असते. फार एकटं वाटतं तिथे."

"जाळीचं बघतो," तो म्हणाला. "छिद्राचं नाव काढू नकोस."

माळ्यावर देवदाराची एक फळी होती. बायकोने लाकडाच्या वखारीत कानाशी धरून निवडलेली ती शेवटची. "ही आपल्या पोरीची," असं म्हणून तिने ती जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. चादर सोडताना त्याला वाटलं, कोणाची तरी झोपमोड करतोय आपण.

अंग झालं, मान झाली. शिसवी वाकवताना त्याच्या हातांना जुनी ओळख पटली. जाळी मात्र परकी. काड्यांसारख्या पट्ट्या, त्यावर काळा धागा, सरसाऐवजी नाकाला झोंबणारं चिकट रसायन. तीही जमली. मधोमध जाळी ठेवून कडेला त्याने आपल्या जुन्या पट्ट्या दिल्या. सुनेला घरात घेताना सासूने चार गोष्टी आपल्या ठेवाव्यात तशा. उरलं फळी पातळ करणं.

आणि तिथे हात थांबला. जुन्या गिटारीला जिथे थांबायचं, तिथून या फळीची वाट नुकती कुठे सुरू होत होती. पुढे किती? फळी एकच. बिघडली तर "ही आपल्या पोरीची" म्हणणारं माणूस दुसरी निवडून द्यायला नव्हतं.

त्याने खालच्या मजल्यावरच्या शिंपीणताईंना बोलावलं. भले मोठे कान असलेल्या, गल्लीतलं सगळं ऐकणाऱ्या.

"स्वयंपाकघरात उभ्या राहा. मी ठोके देतो. बरोबर वाटलं की पुरे म्हणा."

टुम्म.

"पुरे!"

"अहो ताई, पहिलाच ठोका आहे हा."

"मला तर छान वाटला, दादा. नाही म्हणायला आपलं कसंतरी वाटतं."

आणखी काही ठोके झाले. प्रत्येकाला ताई पुरे म्हणाल्या. शेवटी पदर खोचत दारात आल्या. "दादा, खरं सांगू? कोणीतरी दार वाजवतंय आणि कोणी उघडत नाहीये, असं वाटतं हे ऐकून." आणि स्वतःच ओशाळून खाली गेल्या.

भर दुपार. गल्ली जेवून निजलेली. त्याने लेकीला फोन लावला, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, आणि भिंतीच्या या बाजूला येऊन ओरडला, "ऐकू येतंय का गं?"

"येतंय. पण काय करायचंय?"

"तुझी आई करायची ते. पुरे कधी ते सांग."

तो रंधा फिरवत राहिला, ठोके देत राहिला. फोन गप्प. पुन्हा ठोका. फोन गप्पच. शेवटी तो फळी टेबलावर ठेवून आत गेला. "काय झालं? लाईन गेली का?"

"नाही, बाबा. मला नाही सांगता येत." लेकीचा आवाज हळू झाला. "आणि आईलाही लाकडातलं काही कळत नव्हतं."

"काहीतरीच बोलू नकोस."

"खरंच. मी ओट्याखाली बसून अभ्यास करायची ना. एकदा विचारलं, आई, तुला कसं कळतं? तर म्हणाली, लाकूड कोण ऐकतंय? मी यांना ऐकते. आधी धपाधप ठोकतात. मग एक वेळ येते, यांचा ठोका हलका होतो, झोपलेल्या पोराला थोपटल्यासारखा. तेव्हा समजायचं, मनासारखं झालं. आता भीतीपोटी उगाच अजून एक हात मारतील आणि घालवतील. मग मी पुरे म्हणते."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं कान तिचा, कान तिचा म्हणत आला; आणि तिचा कान होता तो याच्यावरच.

"मला कधी बोलली नाही ती."

"बोलली असती तर तुम्ही मुद्दाम हलका ठोका दिला असता."

हसू आलं त्याला. फोन ठेवून तो परत आला. आता त्याने लाकडाकडे कान दिला नाही. रंधा फिरवला, ठोका दिला. कोरडा. पुन्हा. अजून कोरडा. जुनी हद्द कधीच मागे पडली होती. उजेडाकडे धरली तर फळीतून बोटांची सावली दिसत होती. पुन्हा ठोका. आणि अंगठा आपोआप हळू पडला. थोपटल्यासारखा.

हात पुन्हा रंध्याकडे गेला. भीतीचाच हात तो. आज पहिल्यांदा त्याला ओळखू आला.

"पुरे," तो भिंतीला म्हणाला. रिकाम्या घरात ते जरा मोठ्यानेच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा कोणी न सांगता, त्याने बारीक करवत घेतली आणि शिसवीच्या कुशीला, लेकीच्या कानाच्या बाजूला, बदामाएवढं छिद्र पाडलं. कडा पॉलिश करून अशी गुळगुळीत केली की बोट अडकू नये. ज्याच्या भिंतीपलीकडे कोणी नाही, त्याला स्वतःचं तरी ऐकू यायला हवं.

कार्यक्रमाला लेकीने त्याची जागा मुद्दाम शेवटच्या रांगेत ठेवली होती. "पोचते का ते तुम्हीच बघा." तो बसला, दिवे मंदावले, तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. उठला, आणि जाड दार ढकलून बाहेरच्या रिकाम्या मार्गिकेत भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"आजोबा, जागा नाही मिळाली का?" दारवानाने विचारलं.

"मिळाली. इथून बरं ऐकू येतं."

दारवानाने खांदे उडवले.

मग भिंतीतून सूर आले. मागची रांग ओलांडून, दार ओलांडून, पातळ पण अख्खे. खर्जाची तार अजून जरा कोवळी होती. ती पिकायला वर्षं लागणार. पण तो ते मोजत बसला नाही. पहिल्या गतीत लेक घाईत होती, धपाधप. घाबरली होती पोर. मग कुठेतरी तिचं तिलाच ऐकू आलं असावं. हात उतरला, सूर हलके झाले. कोणालातरी थोपटत असल्यासारखे.

"पुरे गं," तो पुटपुटला, "जमलं."

आत टाळ्यांचा पाऊस पडला. दारवान दार उघडायला पुढे झाला आणि सहज बोलला, "वाजवणाऱ्या ताई सांगत होत्या, गिटार त्यांच्या बाबांनी केलीय. तुम्हीच ना ते? कशी वाजली?"

तो डोळे पुसत होता. "गिटारीकडे लक्षच नव्हतं हो माझं," तो म्हणाला.