माळ्यावरचं सरकार

सुयोगने मॉनिटर छातीशी धरला आणि पाय चाचपत माळ्याच्या शिडीवरून खाली उतरला. त्याची बहीण श्वेता बॅग घेऊन अजून चपलांपाशीच उभी होती.

"अरे, वर तुझं ऑफिस आहे ना?"

"होतं. आता फ्रिजच्या बाजूला. झकास. गार पाणी हाताशी."

आईने गॅस बारीक केला. लेक अंधेरीच्या सासरहून एकटीच आली होती, मधल्या वारी, एवढी मोठी बॅग घेऊन. जावयाचा फोन नाही. आईने तोंड उघडलं, तेवढ्यात सुयोग म्हणाला,

"आई, कायदा."

"कसलो कायदो?"

"माळ्यावर येणाऱ्याला का आलास विचारायचं नाही. पंतप्रधान बाईंनीच केलेला."

श्वेताने ओठ दाबले. बॅग घेऊन ती वर चढली.

विक्रोळीच्या चाळीतल्या त्या माळ्यावर एकेकाळी देश होता. उभं राहिलं की डोकं छपराला लागायचं, एवढाच. सरकार म्हणजे श्वेता. जनता म्हणजे धाकटा सुयोग. पोलीस तोच, विरोधी पक्षही तोच. चलन आमसूल, गावाहून आलेल्या बरणीतून पळवलेलं. महागाई कधी झालीच नाही, कारण जनता पैसे खाऊन टाकायची. आत यायचा कर एक आमसूल. शिडी वर ओढली की सीमा बंद. आणि तो कायदा सुयोगसाठी झालेला. गणितात नापास होऊन तो बाबांच्या भीतीने वर लपला होता, तेव्हा.

वर फळ्या करकरल्या. श्वेताने शिडी ओढून घेतली.

"मी आवस तिची," आई पुटपुटली. "इचारूचा पण नाय?"

"सध्या तू परदेश आहेस."

"मेल्या!"

ताटं वाढून झाली. सुयोगने दोनदा हाक मारली. वरून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला, एकदाच. त्याने घास तसाच ताटात ठेवला.

आई उठली. फळीवरची बरणी उतरवली, आत हात घातला आणि माळ्याखाली जाऊन उभी राहिली.

"आई, तुझा गुडघा..."

"गप रव." तिने मूठ वर केली. "श्वेता, घे गो. कर."

सुयोग बघतच राहिला. मुठीत दोन आमसुलं होती.

"तुला कराचं कोणी सांगितलं?"

"फळ्यांतून सगळा ऐकाक येय. आमसुलां कोण खाय, ता पण म्हायत होतां माका."

"पण दोन कशाला?"

"एक माझां, एक तिचां. घाईत इली ना, कर भरूक इसारली आसतली."

शिडी फळ्यांवरून खरवडत पुढे आली आणि हळूहळू खाली उतरू लागली. सुयोगने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. आईने साडी खोचली, आमसुलं दातांत धरली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.