ळ बाळाचा

माझ्या मामाकडे एक पाटी आहे. एकतीस वर्षांपूर्वी घरातल्या कपाटाचं दार मोडलं तेव्हा आईने त्यातला एक तुकडा कापून घेतला, त्यावर काळ्या ऑइलपेंटने सगळी अक्षरं काढली, काना-मात्रा-वेलांट्या खालच्या ओळीत मांडल्या आणि वरून व्हार्निश मारलं. मामाला बोलता येत नाही. त्याचे हातपाय जन्मापासून त्याचं ऐकत नाहीत. उजव्या हाताचं एक बोट तेवढं ऐकतं, तेही लहर आली तर. त्या बोटाने तो अक्षरं दाखवतो आणि आपण ती जोडून वाचायची. मामा सत्तावन्न वर्षांचा आहे. आई त्याला बाळ म्हणते.

पाटी बघितली तर कोणती अक्षरं वापरात आहेत ते लगेच कळतं. 'च' जवळजवळ पुसला गेलाय. 'प', 'न' आणि 'झ' यांच्या खालचं लाकूड दिसतं. 'ढ'सुद्धा बराच झिजलाय, कारण ते माझं नाव आहे. मी दहावीला गणितात दोनदा राहिले तेव्हा मामाने ठेवलं. एका अक्षरात पूर्ण होणारं असं आमच्या घरात दुसरं नाव नाही, त्यामुळे मी कधी तक्रार केली नाही.

दोन अक्षरं मात्र कोरी करकरीत होती. 'ण' आणि 'ळ'. मराठीत ह्या दोघांपासून शब्द सुरूच होत नाही. शाळेच्या तक्त्यावरही 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' असं दुसऱ्याची शेपटी धरून त्यांची सोय लावलेली असते. आणि आमच्या घरात शब्दाच्या पहिल्या अक्षरापलीकडे जायची वेळ कुणावर येतच नव्हती.

कारण आई. आईला अंदाज येतात. मामाने 'च'ला बोट लावलं की ही गॅसपाशी, चहा. 'प' म्हटलं की पाणी. 'झ' म्हटलं की उशी. मामाचं बोट दुसऱ्या अक्षराकडे निघालेलं असायचं, पण तिथे पोचेपर्यंत पाटीवर कप आलेला असायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय हो, भावाच्या मनातलं ओळखता!" आई लाजायची. मामा चहा प्यायचा.

हा अंदाज ती सगळ्यांवर वापरायची. लग्नात तिने एकच अट घातली होती, भाऊ बरोबर येईल. बाबांना वाटलं, सामान लावून होईपर्यंत असेल. ते काही बोलायला गेले, तर "हो हो, त्याला खिडकीजवळची खोली देऊ," असं म्हणून आईने विषय पूर्ण केला. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. दवाखान्यात म्हणाले, "तुला एक सांगायचं..." आई म्हणाली, "गॅसचं कार्ड कपाटात आहे, माहितीये मला." बाबा हसले आणि गेले. ते काय सांगणार होते ते आम्हाला अजून माहीत नाही. गॅसचं कार्ड मात्र कपाटात होतं.

मामाला कुणी काम देईना, म्हणून बावीस वर्षांपूर्वी आईने एका गॅरेजात कार्यशाळाच काढली. आता तिथे बारा जण आहेत. प्रत्येकाचं काही ना काही चालत नाही आणि कामात बाराही जण माझ्यापेक्षा चोख आहेत. जोडायच्या कपाटांबरोबर स्क्रू आणि वॉशरची जी पुडी येते, ती ते भरतात. वॉशरवाले काका आंधळे आहेत, डब्यात पडणाऱ्या वॉशरच्या आवाजावरून मोजतात. मामा तपासनीस. पुडी चुकली की त्याच एका बोटाने घंटा वाजवतो. कधी घरी कपाट जोडताना एखादा स्क्रू कमी निघाला, तर ती पुडी आमच्याकडची नाही.

तर ह्या थंडीत मामाने 'व' सुरू केला.

आईचा अंदाज, वारा. तिने खिडकी उघडली. मामाने पुन्हा 'व' दाखवला. तिने दुसरीही उघडली. दोन महिने आम्ही स्वेटर घालून जेवलो. तिघांनाही सर्दी झाली. "ह्याला आतून उष्णता झालीये," आई म्हणाली आणि दारही उघडं ठेवू लागली.

त्यातच तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, "भावाला उचलणं आता..." आई म्हणाली, "हळूहळू करायचं." डॉक्टर म्हणाले, "बंद करायचं." आईचा अंदाज चुकल्याचं ते आमच्या घराण्यातलं पहिलं उदाहरण. तपासण्यांसाठी तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. जाताना तिने माझ्यासाठी फ्रिजवर यादी लावली. कोणत्या अक्षराला काय द्यायचं त्याची. पण तिला लिहितानाही धीर नसतो. यादीत लिहिलं होतं, "च म्हणजे च. प म्हणजे पा. बाकी तुला कळेलच."

मला काही कळलं नाही. मला अंदाज येत नाहीत, म्हणून तर मी ढ. सकाळी मामाने 'व' दाखवला. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. मामानेही माझ्याकडे पाहिलं. कप येतोय का, खिडकी उघडतेय का, याचा त्याने अंदाज घेतला असावा. काहीच होईना. मग त्याने बोट खाली नेलं आणि मात्रा दाखवली. मग 'ग'. मग बोट पाटीच्या पार टोकाला गेलं आणि 'ळ'वरून घसरलं. तिथलं व्हार्निश इतकं गुळगुळीत होतं की त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

वेगळं.

पुढच्या शब्दाला सहा मिनिटं लागली. राहायचंय.

मी आधी उठून खिडक्या बंद केल्या.

आई आली तेव्हा तिला सांगितलं.

"वेगळं म्हणजे वेगळी उशी म्हणत असेल."

"राहायचंय पण म्हणाला."

"तूच सुचवलं असशील."

"आई, मला काही सुचत नाही. तूच म्हणतेस."

हे तिला पटलं. ती मामासमोर बसली. "बाळ, कुठे राहायचंय?"

मामाने 'क' दाखवला. आईने तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. मामाने पूर्ण केलं, काकांकडे.

वॉशरवाले काका गेल्या वर्षी एका घरात राहायला गेलेत. चार खोल्या, चौघे जण, मदतीला सकाळ-संध्याकाळ माणसं, आणि चाकाची खुर्ची न आपटता जाईल एवढी रुंद दारं. काकांच्या शेजारची खोली रिकामी होती. हे सगळ्या कार्यशाळेला माहीत होतं.

आई भांडी घासायला गेली आणि घासलेलीच घासत बसली. मग पाठमोरीच म्हणाली, "एकतीस वर्षं मी चुकीचं ऐकत होते का गं?"

"चुकीचं नाही. लवकर ऐकत होतीस."

तिने त्याच रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते घर चालवणाऱ्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, येते, बघते, बोलते. मात्र एक नियम होता. जो राहायला येणार तोच बोलणार. त्याच्या वतीने घरचं कुणी एक शब्द जरी बोललं, तर भेट तिथेच संपली आणि खोली यादीतल्या पुढच्या माणसाला.

आईने फोन ठेवला आणि खुर्चीत बसली. मामाची खोली आता तिच्या जिभेवर होती.

कार्यशाळेत ती काकांना म्हणाली, "मला नाही जमायचं हो. मी गॅलरीत जाऊन बसते."

"गॅलरीतून ओरडाल," काका म्हणाले. "ताई, तुम्ही नसता तर मी घरी बसून फरश्या मोजल्या असत्या, हे खरंय. पण बावीस वर्षं झाली, तुमच्यासमोर माझं एक वाक्य..."

"पूर्ण झालेलं नाही," आई म्हणाली.

"बघा. आता एक तास मिठाची गुळणी धरून बसा."

काकांनी वाक्प्रचार वापरला होता. अर्थ, गप्प बसा. पण आईने, सवयीप्रमाणे, पुढचं ऐकलं नाही.

ठरल्या दिवशी बाई अकराला आमच्या घरी आल्या. आई आधीच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, गाल फुगलेले. तोंडात खरोखरची मिठाची गुळणी. शेजारी भरलेला तांब्या, कमी पडली तर.

"नमस्कार," बाई म्हणाल्या.

आईने मान हलवली. मी म्हटलं, "दातांचं चाललंय तिचं." हे मामाच्या वतीने नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होतं.

बाई मामासमोर बसल्या. त्यांनी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं. मला त्या तिथेच आवडल्या.

"तुम्हाला काय हाक मारू?"

मामाने 'स'ला बोट लावलं. आईच्या भुवया वर गेल्या. इतकी वर्षं बाळ म्हणवून घेतलेल्या माणसाने सावकाश, काना, 'ह', मात्रा, 'ब' असं सगळं पूर्ण केलं. साहेब. बाईंनी वहीत तसंच लिहून घेतलं.

"बरं, साहेब. दिवसभर काय करता?"

"चुका काढतो," मामाने सांगितलं. पाच मिनिटं लागली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मिठाचं की दुसरं, सांगता येणार नाही.

"न आवडणारी एखादी गोष्ट सांगा. तिकडे आमच्या घरात माहीत असलेली बरी."

मामाचं बोट 'च'वर गेलं.

आई उठली. तिचं तिला कळलं नसावं, तिचे गुडघेच उठले. गॅसच्या दिशेने एक पाऊल पडलंसुद्धा. मामाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्याकडे बघत बघत 'ह' दाखवला आणि काना दिला.

चहा.

आईने गुळणी गिळली. सगळी. घोट खाली जाताना आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

आता तिचं तोंड रिकामं होतं आणि तांब्या दोन पावलं मागे. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. "मग पीत का होतास रे मेल्या," असं असणार, हा माझा अंदाज. तो बरोबरच निघाला, पण तो नंतर. त्या क्षणी तिने ओठ घट्ट मिटले आणि आहे तिथेच, जमिनीवर बसली. दुखऱ्या गुडघ्यांसकट.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "इथे ताई तुमचं सगळं करतात, दिसतंय मला. मग तुम्हाला तिकडे का यायचंय?"

मामाचं बोट लहरीत नव्हतं, तरी निघालं. मग 'म'. काना आणि मात्रा. 'क'. पुन्हा बोट पाटीच्या त्या टोकाकडे निघालं. आता मलासुद्धा शब्द कळला होता, म्हणजे आईला तर कधीच कळला असेल. माझ्यातली ढसुद्धा ओरडायला आली होती. आई जमिनीवरून फक्त त्या बोटाकडे बघत होती. बोट घसरलं, परत आलं, परत घसरलं. ती थांबली. मी पाहिलेलं तिचं सगळ्यात अवघड काम ते.

मोकळं बोलायचंय.

त्याला अकरा मिनिटं लागली. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "खोलीच्या भिंतीला रंग कुठला हवा, ते सावकाश कळवा, साहेब."

दार लागल्याबरोबर आई म्हणाली, "मग पीत का होतास रे मेल्या?"

मामाने सांगितलं, "तू करायचीस ना." त्यानंतर थोडं थांबून, "साखर जास्त."

आई हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. कुठलं कशासाठी होतं ते तिचं तिलाही सांगता येणार नाही.

मामा तिकडे राहायला जाऊन आता दोन महिने झाले. भिंत पिवळी आहे. आई अजून रोज कार्यशाळेत त्याला भेटते, काठी टेकत जाते, आणि बाराही जणांचं ऐकताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. त्याने जिभेला आळा बसतो, असं ती म्हणते. काकांनी परवा बावीस वर्षांतलं पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं. ते फारसं महत्त्वाचं नव्हतं, पंखा कमी करा असं काहीतरी होतं, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी आम्ही मामाच्या नव्या घरी गेलो. मामाने 'च'ला बोट लावलं. आईने हात मांडीखाली घातले. मामाने 'ल' दाखवला.

चल.

आई त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. "आधीपासून हेच म्हणत होतास?"

'हो'साठी मामा डोळे मिटतो. त्याने मिटले.

"नेहमी नाही ना?"

त्याने डोळे उघडले. नेहमी नाही. तेवढी सूट त्याने तिला दिली.

"बरं. कोण कोण जायचं?" आई म्हणाली, आणि "मी, तू नि ही" असं स्वतःच म्हणणार होती, ते गिळलं. गिळायची सवय झालीये आता. मामाने 'आ' दाखवला, 'प' दाखवला, आणि मग पाटीच्या मधोमध, एकतीस वर्षं कुणी हात न लावलेल्या 'ण'वर बोट टेकवलं. तोही गुळगुळीतच होता.

आम्ही स्टॉपवर पोचलो तेव्हा बस गेलेली होती. दुसरी वीस मिनिटांनी. आई बाकावर टेकली, काठी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला जरा..."

मामाने 'च'वर बोट ठेवलं.

आईने त्याच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "चहाच."

कोपऱ्यावर टपरी होती. मी निघाले, मग परत आले आणि विचारलं, "मामा, तुला काय?"

मामाने 'क' दाखवला. टपरीवाला बघत होता, बस यायची होती, आई हात मांडीखाली घालून बसली होती. आम्ही पुढच्या अक्षराची वाट बघू लागलो.