तारेचे पाच पीळ

साठी उलटल्यावर माणूस दात बसवतो, नाहीतर काशीला जाऊन येतो. हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या प्रतापरावांनी लाल गाडी घेतली. दोन दारांची, बसकी, जपानी, तरुणपणी शर्यतीच्या चालीने पळणारी. कुवेतहून परतलेल्या एका डॉक्टरने ती जहाजातून आणली होती आणि पाच वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. प्रतापराव तिच्यात शिरत तेव्हा आधी डोकं जाई, मग एक पाय, मग थोडी विश्रांती, मग दुसरा पाय. पण एकदा आत बसले की उदगीरकडच्या शेतकरी घराण्यातला हा माणूस नव्या जावयासारखा दिसे.

गाडीला एसी होता. म्हणजे बटण होतं, आवाज होता, तोंडावर वाराही येई. गारवा तेवढा नव्हता.

हे शहाण्णव साल. परदेशी कंपन्यांची माणसं बेगमपेटच्या विमानतळावर उतरत आणि उतरल्याबरोबर गार गाडी मागत. प्रतापरावांनी ते हेरलं. सरकारी ठेकेदारी गुंडाळून त्यांनी आठ नव्या एसी गाड्या नोंदवल्या, भाड्याने चालवायला. जूनमध्ये गाड्या येणार होत्या आणि त्यांचे एसी सांभाळणारा माणूस अजून मिळाला नव्हता.

"नामदेवराव," बेगम बाजारातल्या माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "जो माझ्या लाल म्हातारीला सलग पंधरा दिवस गार ठेवील, त्याच्या हाती आठही गाड्या. बोलणारे फार भेटले. कोणी आहे?"

माझं दुकान रिठा, शिकेकाई, हळकुंडं, बिब्बे असल्या मालाचं. एसीचा माणूस माझ्याकडे कुठून? पण होता. नल्लकुंट्याचा उमाजी महिन्याला शेरभर रिठे न्यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, बायकोचे केस लांब असतील. मग कळलं की तो एसीच्या नळ्या तपासतो. नळीत दाबाने वायू भरायचा आणि वरून रिठ्याचा फेस लावायचा. जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती. साबणाचा बुडबुडा लगेच मरतो, रिठ्याचा तग धरतो, असं त्याचं मत. माल माझा असल्याने माझंही तेच मत.

उमाजी बारा वर्षं एका सरकारी कारखान्यात थंड यंत्रांवर होता. स्वेच्छानिवृत्तीची टूम निघाली तेव्हा सगळ्यांत आधी ह्याने सही केली. पत्र्याच्या छपराखाली दुकान काढलं आणि नव्या गाड्यांची वाट बघत बसला. वाट बघण्यात त्याचा हात चांगला होता, गिऱ्हाईक बोलावण्यात नाही. त्याची बायको रंजना पुण्याची. तिच्या भावाने तिकडे शीतगृहात उमाजीसाठी नोकरी धरून ठेवली होती. रंजनाने मुदत दिली होती, मे संपेपर्यंत. उमाजीला नोकरीचं वावडं नव्हतं. मेव्हण्याला रोज सकाळी 'साहेब' म्हणण्याचं होतं.

मी दोघांची गाठ घालून दिली.

मार्चमध्ये उमाजीने गाडीचं तोंड उघडलं. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरकडे गॅस नेणारी रबरी नळी वाळलेल्या पडवळासारखी तडकली होती. तशी नळी हैदराबादेत मिळेना. मग त्याने जुन्या नळीची धातूची टोकं वाचवली. त्यांच्यावरची कडी करवतीने उभी कापली, आतल्या खाचांना ओरखडा येऊ न देता, आणि नवी रबरी नळी घेऊन राणीगंजला गेला. तिथे अप्पाराव नावाचा माणूस बोअरवेलच्या यंत्रांच्या नळ्या दाबून देतो. त्याच्या यंत्रावर नवी कडी दाबली. रिठ्याचा फेस लावला, अर्धा तास टक लावून बसला, एक बुडबुडा नाही. गॅस भरला. गाडी अशी गार झाली की प्रतापरावांनी दुपारी मफलर बांधून मला दाखवायला आणली.

बाराव्या दिवशी वारा कोमट.

उमाजीने बघितलं तर नवी नळी मध्येच झिजली होती. त्याला वाटलं, रबर हलकं निघालं. एप्रिलमध्ये जाड नळी आणून पुन्हा सगळं केलं. ती नवव्या दिवशी गेली.

"उमाजी," प्रतापराव माझ्यादेखत त्याला म्हणाले, "तुझा हात उष्ण आहे रे. तू इस्त्रीचं दुकान टाक."

उमाजीने झिजलेली नळी गुंडाळून पिशवीत टाकली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अजून एकदा," प्रतापराव उठत म्हणाले. "नामदेवरावांच्या तोंडाकडे बघून. मग मी दुसरा बघतो."

माझ्या तोंडाची एवढी किंमत कोणी केली नव्हती. पण ते गेल्यावर उमाजी म्हणाला, "काका, दोन्ही वेळा एकाच जागी झिजली. तिथे घासायला काहीच नाही. मी हात घालून घालून बघितलं. परेशान झालो बघा. रंजनाने पेट्या काढल्यात माळ्यावरून."

"पेट्या काढल्यात की भरल्यात?"

"काढल्यात."

"मग अजून वेळ आहे," मी म्हणालो.

मेच्या पहिल्या शनिवारी सकाळी भामावहिनी दुकानात आल्या. प्रतापरावांच्या पत्नी. घरात आवाज प्रतापरावांचा असतो आणि निर्णय ह्यांचा, हे मी वीस वर्षं बघत आलोय. हळद घासाघीस न करता घेतील, पण बिब्बा एकेक उलटून बघतील.

"चार द्या भाऊ. चांगले टपोरे."

"मागच्या वेळी दोन नेले होते, वहिनी."

"दोनांनी भागत नाही आता. गाडीला मेली कोणाची तरी दृष्ट लागलीय. लाल रंग, आणि हे म्हातारपणी कोपर बाहेर काढून चालवणार. लागेल नाहीतर काय? दोनदा दुरुस्त झाली, दोनदा बिघडली. मी दर शनिवारी लिंबू, मिरच्या, बिब्बा बांधते. पहिल्यांदा साध्या तारेने बांधलं. बिघडल्यावर तीन पीळ दिले. आता जाड तार आणलीय, पाच पीळ देणार. बघू कोणाची दृष्ट जिंकते."

माझा हात बिब्ब्यांवरच थांबला.

"बांधता कुठे?"

"पुढे जाळीतून हात घातला की आत एक काळी नळी लागते ना, तिला. सुतळीला बांधलं तर वाटेत पडतं. ती नळी मजबूत आहे, नवीच बसवलीय त्या पोराने."

"आणि दुरुस्तीला गाडी जाते तेव्हा?"

"सोडून घेते की! आपलं उतरवलेलं लिंबू परक्याच्या हाताला लागू द्यायचं का? तारेसकट तिठ्यावर टाकून येते, मगच गाडी फाटकाबाहेर."

मी बिब्बे पुडीत बांधले आणि माणसाला दुकानाच्या राखणीला ठेवून रिक्षाने नल्लकुंटा गाठलं. उमाजीने सगळं ऐकलं. खुशीने उडी मारेल असं मला वाटलं होतं, पण तो खाली बसला.

"आता सांगायचं कसं? मालकीणबाईंना म्हणू, तुमच्या लिंबाने नळी खाल्ली?"

"नको सांगू. म्हण, ह्यावेळी परदेशी नळी घातली. वरून पत्र्याचं आवरण घाल. काम झाल्याशी मतलब."

"मग त्या दुसरीकडे बांधतील, काका. उद्या आठ गाड्या येतील. आठांच्या नळ्या." तो उठला. "चला. प्रतापकाकांसमोर नाही बोलणार. ते हसतील आणि लिंबू फेकून देतील. मग काकू मला कधी माफ करणार नाहीत."

तेवढं गणित मला सुचलं नव्हतं. उमाजीच्या नावावर मी मनात जे काही मांडून ठेवलं होतं, त्यात त्या दिवशी थोडी भर घातली.

आम्ही बरकतपुऱ्याला पोचलो तेव्हा प्रतापराव आंघोळीला गेले होते. भामावहिनी गाडीपुढे उकिडव्या बसून तिसरा पीळ देत होत्या.

"काकू, जरा थांबता?" उमाजीने बाटलीतलं रिठ्याचं पाणी वाटीत ओतून घुसळलं. इंजिन चालू केलं. मग वहिनींच्या हातातली तार हलकेच उकलली, लिंबू त्यांच्याच ताटलीत परत ठेवलं, आणि ब्रशने नळीवर फेस लावला. "नळीत थोडा गॅस उरलाय. आता तुम्हीच बघा. मी काही बोलत नाही."

गाडी थरथरत होती. जुनी तार जिथे बसायची तिथे, रबरावरच्या खोलगट चकचकीत पट्ट्यावर, एक बुडबुडा फुगला. चांगला बोराएवढा झाला. फुटला. त्याच जागी दुसरा आला.

वहिनींनी पुढे वाकून बोटाने तो पट्टा चाचपला. मग हातातल्या तारेकडे बघितलं. मी आपला जास्वंदीच्या झाडाकडे बघत उभा.

"म्हणजे," त्या शेवटी म्हणाल्या, "गाडीला दृष्ट माझीच लागली म्हणायची."

"दृष्ट नाही काकू, तार. इंजिन हलतं, तार घासते. बिघडलं की तुम्ही अजून आवळणार, आवळलं की अजून घासणार."

"आणि मी तुला मनात काय काय म्हणाले रे."

"काका तोंडावर म्हणतात, तुम्ही मनात. चालायचंच."

त्या हसल्या, पण लगेच हात आखडला. "लिंबू मी सोडणार नाही हं. त्यांनी ह्या वयात असं चालवावं आणि मी नुसती फाटकात उभी राहू? माझ्या हातात दुसरं काय आहे?"

"सोडा म्हणतंय कोण?" उमाजी बंपरखाली वाकला. "इथे चेसीसला पितळी कडी लावून देतो. तिथे तुम्ही पाच काय, पन्नास पीळ द्या. हत्ती बांधला तरी हलणार नाही."

"माझा हात पोचेल असं लाव. गुडघे दुखतात."

तिसरी नळी अप्पारावने आमच्याकडे तिरक्या नजरेने बघत दाबून दिली. "मळ्ळी वच्चारा? पुन्हा आलात?" उमाजी म्हणाला, "आता नाही येणार, अण्णा." कडीसाठी त्याने नळीचाच उरलेला तुकडा कापून पितळेवर चढवला, म्हणजे तार तिथेही वाजायची नाही.

मग पंधरा दिवस. दहाव्या दिवशी प्रतापराव दुकानावर आले आणि काहीच बोलले नाहीत, त्यावरून मी ओळखलं की गार आहे. बाराव्या दिवशी उमाजी आला. रंजनाने पेट्यांत अजून काही भरलं नव्हतं, पण त्या माळ्यावरही परत गेल्या नव्हत्या.

पंधराव्या दिवशीही शनिवार होता. बाहेर डांबर मऊ झालं होतं. फाटकात उमाजीने सगळ्यांसमोर नळीवर फेस लावला. आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. फेस बसला, विरला, सुकून पांढरा डाग उरला. कुठेही काही फुगलं नाही.

"चला, फिरवून बघू," प्रतापराव म्हणाले. डोकं, पाय, विश्रांती, पाय.

"मी पण येते," भामावहिनी म्हणाल्या. तीन वर्षांत त्या गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या. उमाजी आणि मी मागे, जिथे मुळात माणसांसाठी जागाच ठेवलेली नव्हती. माझे गुडघे माझ्या कानांशी. काचीगुडा गेलं, आबिड्स गेलं. ऊन काचेवर आपटत होतं आणि आत वहिनींनी पदर कानांवरून ओढून घेतला.

"हुडहुडी भरते हो. कमी करा."

प्रतापरावांनी कौतुकाने बटण फिरवलं. "उमाजी, हात गार आहे रे तुझा. ह्यावेळी कुठली नळी घातलीस?"

उमाजीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

"नळी तसलीच आहे," भामावहिनी समोर बघत म्हणाल्या. "मी तार तिला बांधत होते, त्याने झिजत होती. ह्या पोराने दाखवून दिलं. हसायचं असेल तर गाडी बाजूला घ्या आणि हसा. चालवताना नको."

प्रतापरावांनी खरंच गाडी बाजूला घेतली. पण हसले नाहीत. आरशातून उमाजीकडे बघत राहिले.

"पंधरा दिवस तुला माहीत होतं? आणि मी तुला इस्त्रीवाला म्हटलं होतं, त्याचं उत्तर तयार असून बोलला नाहीस?"

"काकूंचं होतं ते सांगणं," उमाजी म्हणाला. "माझं काम नळीचं."

प्रतापराव काही म्हणणार, तेवढ्यात वहिनी मागे वळल्या.

"उमाजी, तसल्या आठ कड्या करून ठेव. नव्या गाड्या येतील त्यांना आल्या दिवशीच लावायच्या. नंतरचं नंतर."

"हौ, काकू," उमाजी म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. गारव्याने असेल. "काका, मला वाटेत नल्लकुंट्याला सोडता? घरी पेट्या चढवायच्यात माळ्यावर."

गाडी वळली. मी कानांशी आलेले गुडघे सावरत मनात हिशेब केला. आठ गाड्या, दर शनिवारी, गाडीमागे एक बिब्बा. टपोरा.